चांद्याकडून दिसणारी झाशी

१८५३ च्या २१ नोव्हेंबरला झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर वारले. त्यानंतर वीस दिवसांनी, ११ डिसेंबरला, नागपूरचे तिसरे रघुजी भोसले गेले. दोघांच्याही मागे औरस मुलगा नव्हता, दोन्ही घरांत दत्तकाचा प्रश्न होता आणि कलकत्त्याला लॉर्ड डलहौसी बसले होते. पुढच्या मार्चपर्यंत दोन्ही राज्यं खालसा झाली. नागपूरच्या राज्यात चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, हेही होतं. गोंडराजांचा परकोट, वर्धा आणि वैनगंगेच्या मधला धानाचा मुलूख, प्राणहितेच्या पलीकडचं सागाचं रान असं सगळं एका कागदाने कंपनीचं झालं. झाशीत राणीला हा निरोप द्यायला मेजर एलिस आले होते. १८५४ च्या डिसेंबरात चांद्याला पहिला डेप्युटी कमिशनर रुजू झाला, त्याचंही आडनाव एलिसच. माणसं दोन, काम एकच.

झाशीच्या राणीवर मराठीत इतकं लिहिलं गेलंय की नव्याने लिहिणाऱ्याने कुठे उभं राहायचं ते आधी ठरवावं लागतं. मी चांद्याला उभं राहायचं ठरवलं. एक कारण वर आलंच. दुसरं असं की १८५८ साली प्राणहितेच्या काठी अहेरीलाही एक लक्ष्मीबाई होती. तीही संस्थान सांभाळणारी बाई, तिच्यापुढेही तोच गोरा साहेब आणि तोच पेच. दोघींनी उलट वाटा धरल्या. अहेरीची लक्ष्मीबाई कागदांत सापडते ती सरकारला तिचं काम पडलं त्या काही महिन्यांपुरती. झाशीची मात्र सकाळी उठून काय करायची इथपर्यंत माहीत आहे. आणि ती सकाळी जे करायची, त्यातच मला तिच्या गोष्टीचा कणा दिसतो.

ती तालमीतली पोर होती. वडील मोरोपंत तांबे काशीला चिमाजी आप्पांच्या पदरी होते. हे चिमाजी म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचे धाकटे भाऊ. तिचं माहेरचं नाव मनकर्णिका, लाडाचं मनू, जन्म काशीतला. साल कोणी १८२८ सांगतं, कोणी १८३५. हा फरक किरकोळ नाही, कारण १८४२ साली तिचं लग्न झालं तेव्हा ती चौदाची होती की सातची, हे त्यावर ठरतं. चिमाजी आप्पा गेल्यावर मोरोपंत ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला बाजीरावांकडे आले. आई भागीरथीबाई मनू लहान असतानाच वारली होती. घरात बाई नाही, मुलगी बापाबरोबर वाड्यात जायची आणि वाड्यात तिच्या वयाची होती ती मुलं. मुलं करतील ते तिनेही केलं.

बिठूरचा तो वाडा राज्य गेलेल्या माणसाचा होता. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन, पदरी हजारो माणसं आणि करायला काहीच नाही. अशा ठिकाणी पूजाअर्चा वाढते आणि तालीमही वाढते. मल्लखांबाला नवा जन्म देणारे म्हणून ज्यांचं नाव घेतात ते बाळंभटदादा देवधर याच बाजीरावांच्या पदरचे. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचं आव्हान तरुण बाळंभटांनी घेतलं, सप्तशृंगीला जाऊन देवीच्या कृपेने मल्लखांबाची विद्या मिळवली आणि परत येऊन गुलाबला चीत केलं, ही कथा आजही आखाड्यांत सांगतात. मल्लखांब त्याहून पुष्कळ जुना, बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त त्याचा उल्लेख आहे. पण उत्तर पेशवाईत त्याला जी शिस्त आणि शिष्यपरंपरा मिळाली, ती बाळंभटदादांची. बिठूरला ती गंगेकाठी नांदत होती.

मल्लखांब ज्याने केला नाही त्याला तो खांबावरचा खेळ वाटतो. खरं तर तो पायांचा आहे. सागाचा नाहीतर शिसवीचा गुळगुळीत खांब, त्यावर एरंडेल चोळलेलं. हातांनी धरायला गेलं की घसरायला होतं. म्हणून पहिली शिकवतात ती अढी, खांब मांड्यांत आणि पोटऱ्यांत पकडून डोकं खाली सोडायचं. मग तेढी, बगली, दसरंग, फिरकी. शरीर उलटं असताना घाबरायचं नाही आणि पकड सोडायची कधी हे पायांनी ओळखायचं, ही त्यातली खरी विद्या. घोड्यावर ज्याला मांड म्हणतात ती हीच. लगाम तोंडात धरून दोन्ही हात मोकळे ठेवणारा स्वार मांड्यांच्या जोरावर बसलेला असतो. मनूच्या तलवारीच्या गोष्टी सगळे सांगतात. माझं लक्ष या पकडीवर जातं, कारण पुढे तिचं आयुष्य या पकडीवरच तरलं.

१८४२ च्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. नेवाळकर मूळचे कोकणातले, रत्नागिरीकडच्या कोट गावचे. बुंदेलखंडात सुभेदारी करता करता राजे झालेले. गंगाधरराव वयाने बरेच मोठे, पहिली बायको गेलेली, नाटकाचे षोकी, स्वतः स्त्रीपार्ट करणारे, पोथ्यांचा मोठा संग्रह बाळगणारे आणि स्वभावाने कडक. तांब्यांची मनू नेवाळकरांची लक्ष्मीबाई झाली. आता तिच्या तालमीचं काय? याचं उत्तर एका भिक्षुकाने लिहून ठेवलंय. नवरा हयात असेपर्यंत राणीवशावर कडक पहारा असे, बाहेर पडायची मुभा नसे, असं विष्णुभट गोडसे सांगतात. अकरा वर्षं ती सून होती. १८५१ साली मुलगा झाला, काही महिन्यांत गेला. दोन वर्षांनी नवराही गेला, आदल्या दिवशी पाच-सहा वर्षांच्या आनंदरावाला दत्तक घेऊन, दामोदर असं नाव ठेवून.

तालीम पुन्हा सुरू झाली ती वैधव्यात.

हे गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज झालेलं, बायजाबाई शिंदे मथुरेला यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल म्हणून १८५७ साली काकांबरोबर पायी निघाले आणि थेट बंडाच्या वावटळीत सापडले. झाशीत ते कित्येक महिने राहिले, वेढ्यातही आत होते. पंचवीसेक वर्षांनी, १८८३ च्या सुमाराला, त्यांनी ‘माझा प्रवास’ मोडीत लिहून काढला. भिक्षुकाची नजर असल्याने दक्षिणा किती मिळाली, जेवायला काय होतं, स्नानाला किती हंडे पाणी लागायचं हे त्यात येतं. त्याच नजरेने त्यांनी बाईसाहेबांचा दिनक्रम टिपला. पहाटे उठून मल्लखांब, जोर, जोडी, मग घोड्याला मंडळ धरणं, कधी हत्ती. त्यानंतर खुराक, मोठं सावकाश स्नान, पूजा. दुपारनंतर दरबार. कधी पांढरं लुगडं, कधी पायजमा, अंगात बंडी, डोक्याला टोपी आणि वर फेटा, कमरेला तलवार. व्रतवैकल्यं आणि जोर एका दमात सांगायला भटजींना काही वावगं वाटत नाही. बंगल्यात बसून राणीचं चित्र रंगवणाऱ्या इंग्रजांना तिची कसरतही समजली नाही आणि पूजाही.

घोड्यांची पारख हा तिचा खास विषय. हिंदुस्थानात अश्वपरीक्षा जाणणारे तिघेच, त्यातली एक झाशीवाली, अशी ख्याती असल्याचं भटजी लिहितात. एकदा सौदागराने दोन सारखे दिसणारे उमदे घोडे आणले. दोन्हींवर बसून फेरी मारल्यावर बाईसाहेबांनी एकाला हजारावर किंमत लावली आणि दुसऱ्याला पन्नास रुपये. त्याच्या छातीला आतून मार होता. सौदागराने कबूल केलं. ही गोष्ट अगदी अशीच घडली की ऐकीव होऊन फुगली, कोण जाणे. पण ती कुठल्याही बखरीच्या नायकाला लावता येण्याजोगी नाही. घोड्याची दुखरी छाती बसल्यावर अंगाला कळणं हे मांड असलेल्या माणसाचंच ज्ञान आहे.

राज्य गेल्यावर महिना पाच हजारांचं पेन्शन तिच्यापुढे ठेवलं होतं. १८५४ साली तिने जॉन लँग नावाच्या ऑस्ट्रेलियन वकिलाला दाद मागायला बोलावलं. त्याने पडदा क्षणभर सरकला तेव्हा तिला पाहिलं आणि मध्यम उंचीची, थोडी स्थूल असं वर्णन केलं. लोकांना हे वाक्य आवडत नाही. मला त्यात जोर मारणाऱ्या बाईचे खांदे दिसतात.

१८५७ च्या जूनमध्ये झाशीतल्या पलटणी उठल्या आणि जोखनबागेत इंग्रज स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल झाली. राणीचा त्यात हात होता का, यावर इतिहासकार अजून भांडतात. त्यानंतरचे नऊ-दहा महिने तिने झाशी चालवली, ओरछ्याचं सैन्य परतवलं. १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोज वेढा घालायला आला.

आता चांद्याकडे वळतो, कारण तारखा विलक्षण जुळतात. अहेरीजवळच्या किष्टापूरचा बाबुराव शेडमाके, मोलमपल्लीचा जमीनदार, वय पंचवीस. ७ मार्चला त्याने राजगड परगणा मारला. १३ मार्चला नांदगाव-घोसरीला डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेशी त्याची गाठ पडली. त्याच आठवड्यात रोजच्या तोफा झाशीच्या वाटेवर होत्या. अडपल्ली आणि घोटचा जमीनदार व्यंकटराव बाबुरावाला येऊन मिळाला. गोंड, माडिया, रोहिले अशी त्यांची माणसं. मोह फुलण्याचे दिवस, पानगळीने रान उघडं पडलेलं, तरी वाट जाणणाऱ्याला ते पुरेसं दाट. समोरासमोर उभं राहायचं नाही, डोंगराआड व्हायचं, पुन्हा निघायचं, ही त्यांची लढाई. क्रिक्टनला त्यांचं टोक सापडेना.

झाशीत १ एप्रिलला बेतव्याकाठी तात्या टोप्यांचा मोड झाला, ३ तारखेला इंग्रज तटावर चढले, ४ च्या रात्री राणी किल्ल्याबाहेर पडली. पाठीला दामोदर बांधून तटावरून घोडा फेकला, हे चित्र आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यापुढे आहे. पुतळेही तसेच. ती उडी मला खरी वाटत नाही. त्या तटावरून कुठलाही घोडा जिवंत खाली येणार नाही, आणि घोड्याची एवढी पारख असलेली बाई तसं करणारही नाही. जे घडलं ते उडीहून मोठं आहे. ती थोड्या स्वारांनिशी निघाली, भांडेरला पाठलागावरच्या लेफ्टनंट बोकरने तिला जवळजवळ गाठलं, तिथे तो जखमी होऊन मागे राहिला आणि ती काल्पीला पोहोचली. सुमारे शंभर मैल, एप्रिलच्या उन्हात, चोवीस तासांच्या आसपास. तेही किल्ल्यातले दहा-बारा दिवस धड झोप नसताना. घोड्यावर आयुष्य काढलेल्या माणसांनाही हा हिशेब अवघड वाटेल. वैधव्यातल्या चार वर्षांच्या सकाळी इथे कामी आल्या.

तिच्या पळतीतलाच एक प्रसंग भटजींनी दिलाय. काल्पीच्या बाजूला एका विहिरीवर ते पाणी काढत असताना चार-पाच स्वार आले. त्यात धुळीने माखलेली, पठाणी वेषातली, तहानेने चेहरा उतरलेली बाई. भटजींनी ओळखलं आणि पाणी शेंदायला पुढे झाले. तुम्ही विद्वान ब्राह्मण, मला पाणी काढून देऊ नका, मीच काढते, असं म्हणत तिने दोर हातात घेतला आणि मडक्यातून ओंजळीने पाणी प्याली. धर्म पाळायचा आणि दोरही स्वतः ओढायचा. तिच्या हातांना दोराची सवय होतीच.

२९ एप्रिलला, झाशी पडून साडेतीन आठवडे होतात न होतात तोच, बाबुरावाच्या माणसांनी प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारायंत्राच्या छावणीवर छापा घातला. हॉल आणि गार्टलंड हे दोन साहेब मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटून क्रिक्टनकडे पोहोचला. बंडवाल्यांनी तारेवर घाव घालावा यात आश्चर्य नाही, कारण सत्तावनात इंग्रजांना तारेनेच तारलं होतं. पण गोरे मारले गेल्यावर क्रिक्टनला स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. फौजेने जंगल उलथवून काही होत नाही हे तो दोन महिने पाहत होता. म्हणून तो अहेरीच्या जमीनदारणीकडे वळला.

अहेरी ही चांद्यातली सर्वांत मोठी जमीनदारी. अडीच हजार चौरस मैलांहून अधिक पसारा, त्यात आलापल्लीचं सागवान. घराणं राजगोंडांचं, चांद्याच्या जुन्या राजघराण्याशी नात्यातलं. बाबुराव तिच्याच मुलखातला, भाऊबंदकीतला. क्रिक्टनने लक्ष्मीबाईवर दबाव आणला. मदत केली नाही तर जमीनदारी राहील याची खात्री नव्हती. नागपूरचं आख्खं राज्य चार वर्षांपूर्वी कसं गेलं ते तिने पाहिलेलं. नागपूरच्या भोसले घराण्यातल्या म्हाताऱ्या बाकाबाईंनीही सत्तावनात आपली वजनदार माणसं बंडापासून दूर ठेवली होती. सप्टेंबरात लक्ष्मीबाईच्या माणसांनी बाबुरावाला पकडलं. जेवायला बोलावून दगा केला, असं लोक सांगतात. ते तसंच झालं का हे सांगता येत नाही, पण दीडशे वर्षांनंतरही लोक ते तसंच सांगतात. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात पिंपळाला बाबुरावाला फाशी दिली. जंगलातलं काही खाऊन त्याच्या अंगी असं बळ आलं होतं की फासाचा दोर तुटत राहिला, ही त्याची दंतकथा. झाशीच्या राणीच्या उडीला लागते तशीच लोकांना याच्या शरीरालाही अमानुष ताकद लागते. साध्या कष्टाने कमावलेली ताकद गोष्टीत कोणाला पुरत नाही. व्यंकटराव बस्तरला निसटला, १८६० साली तिथल्या राजाने त्याला हवाली केलं, जन्मठेप झाली. त्याची अडपल्ली-घोटची गावं सरकारने अहेरीच्या लक्ष्मीबाईला बक्षीस दिली.

तिला दगाबाज म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि बाबुरावाच्या माणसांना ते म्हणायचा हक्कही आहे. मी तेवढ्या ठामपणे म्हणणार नाही. तिच्या दरबारात कोणी गोडसे भटजी राहिला नाही. तिची बाजू कोणत्या भाषेत, कोणाजवळ ती बोलली असेल ते आपल्यापर्यंत आलं नाही. तिच्याबद्दल लिहिलं ते साहेबांनी, आणि साहेबांना राजनिष्ठा एवढंच लिहायचं होतं.

झाशीवालीची गोष्ट तोवर संपली होती. कोंच, काल्पी, मग १ जूनला ग्वाल्हेर हाती आलं. तिथे रावसाहेब पेशवे विजयोत्सवात आणि ब्राह्मणभोजनात दंग झाले, त्याचा तिला संताप आला असं सांगतात. १७ जूनला कोटा की सरायजवळ हुसार घोडेस्वारांनी हल्ला केला. तिचा नेहमीचा घोडा नव्हता. शिंद्यांच्या पागेतला नवा घोडा ओढ्यापाशी अडला, उडी घेईना, आणि तिथे तिला घाव बसले, अशी परंपरागत हकीगत. लढताना गोळी लागली असं इंग्रजांचं म्हणणं. घोड्याची हकीगत खरी असेल तर ज्या विद्येवर ती जगली तिथेच नशिबाने दगा दिला. नव्या घोड्यावर बसून फेरी मारायला त्या दिवशी वेळ नव्हता. बंडवाल्यांच्या पुढाऱ्यांत सगळ्यांत शूर आणि उत्तम तीच, असं ह्यू रोजने लिहून ठेवलं. तिच्या वडिलांना, मोरोपंतांना, इंग्रजांनी एप्रिलमध्येच झाशीत फाशी दिलं होतं.

तालीम मात्र इकडे, वऱ्हाडात, वाढली. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकला त्यांच्या चमूने मल्लखांब, कबड्डी आणि इतर देशी खेळ करून दाखवले. कालपरवापर्यंत मुली स्पर्धांत मुख्यतः दोरीचाच मल्लखांब करीत. पुरलेल्या खांबावर अढी मारणारी राणी तेव्हाच्या नियमांत बसली नसती.

संस्थानांचे हिशेब पुढे असे लागले. नागपूरचे दत्तक जानोजीराव भोसले यांना १८६१ साली ‘राजाबहादूर’ किताब आणि सातारा भागातलं देऊर मिळालं, बाकाबाई राजनिष्ठ राहिल्याचं ते फळ. अहेरीची जमीनदारी इतर जमीनदाऱ्यांबरोबर स्वातंत्र्यानंतर कायद्याने संपली, घराणं राजकारणात आलं आणि आजही आहे. झाशीचा दामोदर आईमागे रानावनात भटकला, शेवटी इंग्रजांपुढे हजर झाला आणि किरकोळ पेन्शनीवर इंदूरला आयुष्य काढलं. झाशीची गादी त्याला कधी मिळाली नाही. २८ मे १९०६ ला तो वारला. गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी छापून बाहेर आणलं ते १९०७ साली.